टेबल कोणाच्या नावानं

आज सतरा तारीख, म्हणजे विषम,
म्हणजे स्कूटर पलीकडच्या बाजूला लावायची,
आणि पलीकडे जागा नाही.
हे मला दारात उतरवून
चरईच्या गल्ल्यांतून घिरट्या घालायला गेले.

काचेवर फ्रेंच नाव. आत सात टेबलं, पिवळा उजेड.
मी आधी भिंत पाहिली.
इथे पट्टा फिरायचा, इथे डब्यांची रांग,
त्या फुलदाणीच्या जागी वजनकाटा.
हडकरांची गिरणी.
तेवीस वर्षं मी इथे गहू दिले,
"तांदळावर दळू नका हं" असं दर खेपेला बजावलं,
आणि ऊन ऊन डबा कमरेवर घेऊन घरी गेले.

"काकू, बुकिंग कोणाच्या नावानं आहे?"
मुलगी एप्रनमधली, हातात टॅब.
"यांच्या," मी म्हणाले.
"हो, पण यांच्या म्हणजे?"

छत्तीस वर्षांत ते नाव मी
लग्नात आणि डोहाळजेवणात उखाण्यातून घेतलं,
रेशनच्या खिडकीत चिठ्ठीवर लिहून दिलं,
सिव्हिल हॉस्पिटलात एकदा
फॉर्मवर बोट ठेवून दाखवलं.
बाकी सगळं 'अहो'वर निभावलं.
इथे तर यमक जुळवायलाही सवड नाही,
मागे एक तरुण जोडपं ताटकळलेलं.
म्हणून म्हणून टाकलं. सरळ.
शरच्चंद्र केळुसकर.
तो जोडलेला च तोंडात चिंचोक्यासारखा फिरला,
गुळगुळीत,
आणि कुठे ठेवावा ते कळेना.

हे आले घामाघूम. "मिळाली. पार गावदेवीपाशी."

मेन्यू मुलीनं वाचून दाखवला.
शेवटची अक्षरं लिहायची, पण म्हणायची नाहीत,
फ्रेंचमध्ये ती गिळतात, म्हणाली.
ह्यांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला.
"मग शाई कशाला फुकट घालवतात?"
मी हसले नाही.
मला ती भाषा ऐकल्याबरोबर आली.
हे म्हणतात, "स्वेटर घेतलास का,"
आणि पुढचं गिळतात.
मी म्हणते, "जेवून घ्या,"
आणि पुढचं.

सूप कांद्याचं.
कांदा म्हणे तीन तास परततात.
तीन तास!
सव्वासातला शाळेची घंटा, त्याआधी दोन डबे;
माझा कांदा जन्मभर सात मिनिटांत लाल झाला,
खाली करपलेला, वर कच्चा,
आणि घरातल्यांनी तो तसाच खाल्ला,
तक्रार न करता.
इथल्या कांद्याला कुठे जायचं नव्हतं.
चीजची साय चमच्यानं फोडली,
चष्म्यावर वाफ आली,
बरं झालं.

हे पाव बुडवत होते, चहात बटर बुडवतात तसे.
मग लोण्यातला रावस. "मीठ कमी आहे," म्हणाले,
आणि बशी पावानं लख्ख पुसली.

एवढ्यात आतून शेफ आला. भुवयांवर पीठ.
त्या भुवया ओळखीच्या.
हडकरांचा धाकटा, तन्मय,
गिरणीत पोत्यावर बसून पाटी गिरवायचा तो.
मला वाकून नमस्कार केला, ह्यांच्याकडे वळला:
"शरच्चंद्र वि. केळुसकर.
लाल ऑइलपेंट, झाकणाच्या खाली.
काका, जोडाक्षरं मी तुमच्या डब्यावरनं शिकलो."

डब्यावर!
म्हणजे मी ते नाव
तेवीस वर्षं भर रस्त्यातून
कमरेवर मिरवत होते, गरम,
अक्षरं बाहेरच्या बाजूला,
आणि सगळ्या चरईनं वाचलेलं.

हे काही बोलले नाहीत.
रुमाल उलगडला, परत घडी घातली.
मग म्हणाले, "अनुस्वार पुसट झाला होता त्यातला,"
आणि पुढचं गिळलं.

उरलेला पाव मुलीनं कागदात बांधून दिला.
ऊन होता. सवयीनं कमरेवर घेतला.
गावदेवीकडे चालत निघालो, सावकाश.
तारीख सम व्हायला
अजून दोन तास होते.