शेऱ्याचा रकाना

शनिवारी पहिली पाळी सुटली
की चटयांचे माग थांबतात
आणि जळगाव एमआयडीसीतली दुपार
पत्र्याखाली आपलाच आवाज ऐकत बसते.
तेव्हा मी गोणपाट अंथरते.
त्यावर अकरा टेन्शनर, सात सीलर,
दोन कात्र्या, एक झिजलेला टूथब्रश.

आधी दाते.
चाकाच्या दात्यांत पट्टीचा पांढरा भुगा बसतो,
बसून बसून तिथेच घट्ट होतो.
मग चाक फिरतं, पट्टी जागची हलत नाही,
ओढणाऱ्याला वाटतं आपणच थकलो.
भुगा काढला की कळतं,
दहातल्या चार वेळी तरी
माणूस थकलेला नसतो.

मग तेल.
एक थेंब, रॅचेटच्या खिटीवर.
चाकावर नाही. चाकावर कधीच नाही.
सुभान तडवींनी पहिल्या महिन्यात मला
तेल कुठे घालायचं ते शिकवलंच नाही,
कुठे घालायचं नाही, एवढंच सांगितलं.
बाकीचं म्हणाले, हत्यार स्वतः मागून घेतं.

यावलहून पहाटेच्या एसटीने यायचे.
गालावर पट्टीची बारीक रेघ,
कुठल्या सालची ते त्यांनाही आठवत नसे.
ताणलेल्या वस्तूच्या समोर उभं राहू नये, कोकिळा,
बाजूला व्हावं, मग कापावं.
हे मी कारखान्याबाहेरही दोनदा वापरलं.

चार नंबरची मूठ उलट्या बाजूने झिजलीय.
ते डावखुरे.
माझा अंगठा त्या खळग्यात बसत नाही,
शेजारी बसतो.
रजिस्टरात रकाने आहेत: दाते, स्प्रिंग, धार, तेल, शेरा.
अंगठ्याचं कशात लिहू?

गेल्या मे महिन्यात,
पट्टीसुद्धा मऊ पडते अशा चव्वेचाळीसच्या उन्हात,
नऊ नंबरच्या सीलरच्या जबड्याला
केसाएवढी चीर होती.
डोळ्यांना दिसली नाही, नखाला लागली.
मी लाल चिठ्ठी बांधली.
बाहेर नागपूरची गाडी उभी,
ड्रायव्हर टायरच्या सावलीत आडवा.
मुकादम धुडकू नाना म्हणाले,
"एवढी गाडी भरू दे ना बाई,
आते काय व्हस त्याले!"
म्हटलं, नाना, एक सील मारून दाखवा.
त्यांनी मारलं. छान दिसलं.
मग दोन बोटं घालून ओढलं,
तर पट्टी आवाज न करता निघाली
आणि सील त्यांच्या तळहातावर राहिलं
कानातून गळलेल्या बाळीसारखं.
नाना बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.

गाडी दीड तास उशिरा सुटली.
वाटेत कुठे गठ्ठा सुटला नाही.
कुणाच्या मोटारसायकलपुढे
चटया उलगडत गेल्या नाहीत.
कुणाचं काही झालं नाही.
याची नोंद कुठेच नाही.
दीड तासाची आहे. लाल शाईत.

आज नऊ नंबरला नवा जबडा, अजून तेलकट.
शेवटी एक गठ्ठा बांधून बघते,
पट्टीला नखाने टिचकी मारते.
ढिली असली तर खड् म्हणून गप्प होते,
बरी असली तर थोडा वेळ बोलत राहते.

सुभानबाबांना आता ऐकू येत नाही.
ईदला गेले होते तेव्हा
शिरखुर्म्याची वाटी माझ्या हातात देऊन
बसल्या बसल्या खाटेच्या नवारीवर तळवा ठेवला,
म्हणाले, इथे ताण कमी पडलाय,
आणि नातवाला हाक मारली
गरजेपेक्षा फार मोठ्याने.

गोणपाट झटकलं.
सगळे आपापल्या खिळ्यावर गेले.
रजिस्टर उघडून लिहिते:
नंबर चार. दाते ठीक. स्प्रिंग ठीक.
धार ठीक. तेल एक थेंब.
शेरा: मूठ बदलू नये.