खिडकी लावून घ्यायची गोष्ट

झुरळांबद्दल बोलता येतं.
किराणा दुकानात, चारचौघांत, मोठ्यानं:
"भाऊ, ती झुरळांची पावडर द्या."
मुंग्यांचा तर कुणाला रागच नाही,
साखरेच्या डब्याखाली पाण्याची ताटली ठेवली की झालं.
आणि कूलरच्या टाकीतल्या अळ्यांसाठी
महापालिकेचा माणूस स्वतः घरी येतो,
टॉर्च मारतो, रागावतो,
दाराशेजारी खडूनं तारीख लिहून जातो.

ढेकणांचं तसं नाही.
त्यांचं नाव घ्यायचं तर आधी खिडकी लावून घ्यावी लागते.

पहिला दिसला उशीच्या शिवणीत,
मसुराच्या डाळीएवढा, कसलीच घाई नसलेला.
माझ्या दंडावर तीन लाल फोड, एका ओळीत.
चिरडला तेव्हा बोटाला लागलेला तो वास
दोनदा साबण लावूनही जेवताना आलाच.

यांनी चष्मा घातला, पलंगाचा सांधा पाहिला.
आत खसखस सांडल्यासारखं काहीतरी.
"आपल्याच घरी काहून?" म्हणाले,
पण कुठून आले, ते दोघांनाही माहीत होतं.

शेषराव भाऊजी मेडिकलच्या व्हरांड्यात
अकरा रात्री काढून आमच्याकडे आले होते.
वडील आत वॉर्डात, हे बाहेर सतरंजीवर.
आंघोळ केली, दोन घास खाल्ले,
तीच सतरंजी आमच्या पलंगावर अंथरून
सोळा तास झोपले.
मी कूलरचं पाणी दोनदा भरलं, आवाज न करता.
वडील वाचले. सगळे उमरेडला परत गेले.
सतरंजी घडी करून नेली, आठवणीनं.

आता अशा माणसाला फोन करून काय म्हणायचं?
तीनदा लावला.
तीनदा वडिलांची तब्येत विचारून ठेवला.

आई म्हणाली, रॉकेल टाक सांध्यात.
रॉकेल आता मिळतं कुठं?
औषध मारणारी कंपनी आहे, पण त्यांची गाडी दारात उभी राहणार,
गाडीवर हे एवढं मोठं किड्याचं चित्र,
आणि हनुमान नगरच्या आमच्या गल्लीत
म्हाताऱ्या माणसांनाही चष्म्याविना चित्र दिसतं.

मग उरला मे महिना.
सेहेचाळीस.

दुपारी दीडला, गल्लीत कुत्रंही नसताना,
पलंग सुटा करून आम्ही गच्चीवर नेला.
यांच्या डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
माझ्या हातात उकळत्या पाण्याची किटली.
कुणी विचारलंच तर ठरलं होतं:
पॉलिश करून राहिलो.

शेजारच्या गच्चीवर नंदनवार वहिनी.
कठड्यावर गादी. हातात किटली.

"गहू वाळवून राहिली," त्या म्हणाल्या.
गहू कुठंच नव्हते.
"आम्ही पॉलिश," मी म्हटलं.
त्यांनी माझ्या किटलीकडं पाहिलं,
किटलीच्या तोंडातून निघणाऱ्या वाफेकडं.
चपलेतूनही पाय भाजत होते,
तरी दोघींपैकी कुणी हललं नाही.

मग त्या कठड्यापाशी आल्या, आवाज उतरवून म्हणाल्या,
"आठ दिवसांनी परत ओता.
अंडी राहून जातात बाप्पा."

संध्याकाळी चौथ्यांदा फोन लावला.
"भाऊजी, उमरेडला ऊन कसं आहे?"
"लयच आहे."
"मग सतरंज्या-गाद्या घालून घ्या एकदा उन्हात.
यंदाचं ऊन चांगलं आहे."

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मागं कुठंतरी म्हातारे खोकत होते, जिवंत.
"कालच घातल्या," म्हणाले.
आणि मग, अगदी हळू,
"तुमच्याकडं पण का?"

रात्री पलंग अजून तापलेलाच होता.
आम्ही गच्चीवरच चटई टाकली.
मानेवरून काहीतरी सरकलं तशी मी उठून बसले,
टॉर्च लावला.
घाम होता.
पलीकडच्या गच्चीवरही
एक टॉर्च लागला, विझला.