शेऱ्याचा रकाना

दैनंदिनीत रकाने पाच:
तारीख, गाव, विषय, उपस्थिती, शेरा.
पहिले चार मी जेटीवरच्या बाकावर बसून भरले.
मौजे खाजणबांध. नारळाची फळगळ व खत व्यवस्थापन.
शेतकरी तेवीस,
त्यातले आठ एसटी चुकली म्हणून थांबलेले.

शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
त्यात सुकांती कुबल मावत नाही.

मी सांगत होतो, माडाला आळं करा,
पालाश कमी पडतंय, सेंद्रिय खत झाडामागे पन्नास किलो.
ती मागे उभी, डोक्यावर कोलंबीच्या सालांची पाटी.
"पन्नास किलो? तितक्या तर आमी रोज व्हाळात टाकतो."

मग सगळेच उठून व्हाळ बघायला गेलो.
मासळीची आतडी, शहाळी, दुधाच्या पिशव्या,
तुटक्या जाळ्याचा हिरवा नायलॉन,
आणि मागच्या चतुर्थीचं थर्माकोलचं मखर,
अजून शाबूत,
त्याच्या कमानीत एक बगळा.

खड्डा मी पुस्तिकेतून दिला.
तीन फूट खोल, पंचेचाळीस दिवस, अधूनमधून पाणी शिंपडा.
बाराव्या दिवशी शाळेतून फोन आला,
मुलं नाकाला रुमाल बांधून पाढे म्हणतायत.
खड्ड्यात पाणी भरलेलं, वर कावळे,
आणि कुबलवाडी म्हणते मोहल्ल्याने घाण केली,
मोहल्ला म्हणतो कुबलवाडीने.
मी दोघांच्या मध्ये, हातात पुस्तिका.

"साहेबानू, ह्यो खड्डो घाटार चलात.
हय समुद्र खड्ड्यात वाकान बघता."

तिने जमिनीवरच रचायला लावलं.
खाली सोडणं उताणी, वर वीतभर पातेरा,
चार बोटं मासळी, परत पातेरा,
शेवटी झावळ्या, आणि झावळ्यांवर धोंडे, कुत्र्यांसाठी.
मी पेन्सिलीने लिहून घेतलं.
पुढच्या गावात हे मी माझंच म्हणून सांगितलं.

राहिला प्रश्न, निवडायचं कुणी?
ग्रामसभेत दंडाची भाषा झाली, पावतीपुस्तकाची झाली,
एकाने कॅमेरा सुचवला, त्याच्या भावाचंच दुकान होतं.
मग हसनमियां मुकादम उठले,
रापणीवर चाळीस वर्षं काढलेला माणूस,
बोलायच्या आधी गुडघा चोळणारा.
रापणीचा कायदाच लावा, म्हणाले.
जेनी दोरयेक हात लायलो, तेका वाटो.
पोरांना अर्धा.
होडीला असतो तसा एक वाटा टेम्पोला.

दर मंगळवारी, ओहोटी बघून.
हातमोजे कमी पडले, तेव्हा पिशव्याच हातात घातल्या,
व्हाळातल्याच.

होमस्टेच्या परुळेकरांनी स्वतः न येता फुलमणीला पाठवलं,
त्यांच्याकडे चादरी धुणारी, लांबून आलेली.
वाट्याच्या वेळी भांडण: हा वाटा मालकाचा की तिचा?
हसनमियांनी तिचे तळवे उलटे करून बघितले.
"हात हिचोच."
तिला माड नाही, पोफळ नाही, परसदेखील नाही.
तिने आपली पाटी परुळेकरांनाच विकली,
ऐंशी रुपये, रोख.

पंचेचाळीस नाही, सत्त्याण्णव दिवस लागले.
खत काळं, भुसभुशीत,
वासात किंचित बंदर उरलेलं.
मलाही एक वाटा मिळाला, मी दोनदा वाकलो होतो म्हणून.
भाड्याच्या खोलीत मिरचीचं एकच रोप आहे माझं.
पाटी गाडीवर बांधून आणली, दारात ठेवली,
घरमालकीण रोज नाक मुरडते आणि रोज मूठभर नेते.

फळगळ थांबली का, ते अजून सांगता येत नाही.
माडाला सवड लागते. वरिष्ठांना नसते.

आणि व्हाळाच्या काठाला एक ढीग आहे,
वेगळा काढलेला, झाकलेला:
बाळांची लंगोटं, औषधांच्या बाटल्या,
फवारणीचे डबे, जे मीच लिहून दिले होते,
माझ्या अक्षरातली चिठ्ठी एकाला अजून चिकटलेली.
टेम्पो तो नेत नाही.

शेरा:
वाटप पूर्ण.
एका ढिगाचा वाटा
अजून कुणी मागितलेला नाही.