हातमोजे

कुंतुर, हलू नकोस.
चोर पळाले, ड्रिल खाणीच्या तोंडाशीच टाकून,
पण कुंपणाची तार तुझ्यात अडकली
आणि पाठीवरची कातडी
उसवलेल्या खिशासारखी लोंबत राहिली.

खालून, पोतोसीहून, डॉक्टरीणबाई आल्या.
टाके मी मोजले, एकतीस.
तिसऱ्या दिवशी कड जांभळी पडली.
बाईंनी ती बोटानं दाबून पाहिली.
गेलेला रंग परत यायला
फार वेळ लागला.
‘रक्त पोचत नाहीये,’ म्हणाल्या.
‘वाहिन्या आखडल्यात. जरा सैल करू त्यांना.’

पिशवीतून ट्यूब निघाली.
‘दिवसातून तीनदा, अगदी पातळ हात.
हातमोजे घालूनच, प्रिमितीवा.
आणि याला चाटू देऊ नकोस.’
मी विचारलं, असतं काय यात?
त्या नाव सांगताना थांबल्या,
दाराबाहेर डोंगराकडे पाहिलं.
‘नायट्रोग्लिसरीन.’

मला हसूच आलं.
हे काय मला नवं?
फेर्मिननं बावीस वर्षं ते सदऱ्याआड वागवलं.
कांडी, वात, मग पळ,
मग डोंगराची एक बरगडी कमी.
सोमवारी घरी यायचा कपाळ दाबत,
भिंतीकडे तोंड करून पडायचा.
मी म्हणायचे, कालची दारू बोलतेय.
तो म्हणायचा, नाही गं.
एवढंच. नाही गं.

परवा रात्री हातमोजा फाटला.
इथल्या थंडीत रबरसुद्धा कागदासारखं तडकतं.
दुसरा अंधारात सापडेना,
म्हणून उघड्या बोटानंच लावलं तुला,
कडेकडेनं, फुंकर घालत.
थोड्या वेळानं माझ्या कानशिलात
कुणीतरी पहार घेऊन ठोकायला लागलं.

मी उठून बसले.
मग पडले, भिंतीकडे तोंड करून.
तर ही होती होय ती.
तू गेल्यावर नऊ वर्षांनी, फेर्मिन,
तुझं डोकं दुखलं
आणि ते मला पटलं.

आज सकाळी परत दाबून पाहिलं.
टोकाची बोटभर कातडी काळी झालीय, ती जाणार.
पण तिच्या अलीकडे गुलाबी आहे, कुंतुर.
दाबलं की पांढरं,
सोडलं की रंग हजर,
हाक मारल्यासारखा.

बाईंनी नव्या हातमोज्यांची खोकी पाठवलीय.
फळीवर ठेवलीय मी, नीट, झाकण लावून.
उद्यापासून घालीन.
आज सोमवार आहे.