सापडला नाही

सिव्हिलच्या खिडकीवर कागद मिळाला तुला
आणि तो घडी न घालता आणलास तू
अक्कलकोट रोडच्या उन्हातून, हातात धरून,
बारशाचं आमंत्रण असावं तसा.

विषाणू : सापडला नाही.

मी दोनदा वाचलं. मग टॉवेलांच्या काठांना
टीप मारत बसले. तीन डझन राहिले होते,
सेठचा माणूस सहाला येणार होता.

तुला वाटलं, मला आनंद झाला नाही.
झाला, अंबादास. पण तो ठेवायचा कुठं, सुचेना.
भीतीची जागा पक्की होती :
शिलाई मशीनचा खालचा खण,
बॉबिनांच्या मागं, सरकारी पाकिटं.
नऊ वर्षं.

पहिल्या वर्षी तुझ्या गोळ्यांची बाटली
खुळखुळायची. शेजारच्या नरसव्वाला कळेल म्हणून
कारखान्यातलं तुटकं सूत कोंबलं मी तिच्यात.
गल्लीत रात्रभर मागांचा खडखडाट,
तरी तीस गोळ्यांचाच आवाज मोठा.
तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर कवटी होती.
आता तिथं हसरं जोडपं आहे, मागं सूर्यफुलं.
कवटीचा खिळा तोच.

मॅडम म्हणाल्या, रोज गोळी घेतली,
रिपोर्ट असाच राहिला,
तर यांच्याकडून तुम्हाला होत नाही.
'म्हणजे कमी होतं?'
'नाही. होतच नाही.'
इतकं सरळ वाक्य सरकारी खोलीत
मी पहिल्यांदा ऐकलं.

रात्री वीज गेली. माग थांबले.
तू म्हणालास, 'आता ते कशाला?'
खणाकडं गेलेला माझा हात
तसाच राहिला.

खरं सांगू?
लग्नानंतरची चार वर्षं तू कधी विचारलं नाहीस.
दिवा मालवला की झालं.
मग तुझा आजार आला, आणि
माझ्या आईनं, डॉक्टरनं, देवानं नाही शिकवलं
ते त्या दीड इंचाच्या पाकिटानं शिकवलं तुला :
थांबणं.
फाडायच्या आधी तू माझ्याकडं बघायचास.
'बरं आहे ना?' म्हणायचास.
बॉबिन बदलायला लागतो
तेवढाच वेळ. पण माझा असायचा.

विषाणू गेला तर जाऊ दे, त्याचं मला काय.
त्याच्याबरोबर तेही गेलं तर
कुठल्या खिडकीवर विचारू?

हे सगळं मी बोलले का, आठवत नाही.
थोडं बोलले असेन.
तू उठलास. दहाची वेळ टळून गेली होती.
अंधारात चाचपडत बाटली काढलीस,
सुताचा बोळा ओढून फेकलास कोपऱ्यात,
आणि त्या शांततेत गोळ्या अशा खुळखुळल्या
की नरसव्वाचा कुत्रा भुंकला.

पाणी पिऊन आलास. बसलास.
बऱ्याच वेळानं म्हणालास,
'बरं आहे ना?'

'अजून ठरवलं नाही,' मी म्हणाले.

वीज आली. माग सुरू झाले.