शंभर मिलिमीटर

कागदावर एक आडवी रेघ, बरोबर दहा सेंटिमीटर.
डाव्या टोकाला छापलंय: दुखत नाही.
उजव्या टोकाला: याहून जास्त दुखणं शक्य नाही.
मधे आकडे नाहीत, खुणा नाहीत.
पेशंटनं कुठंतरी पेन्सिलची उभी काडी मारायची
आणि मी ती स्टीलच्या पट्टीनं मोजायची.
डंडीच्या डेंटल हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर
पगार मिळतो मला याचा.
खिडकीतून टे नदी दिसते, पत्र्याच्या कापासारखी.

अभ्यास खालच्या दाढांचा. हाडात आडव्या रुतलेल्या,
कापून, फोडून काढाव्या लागणाऱ्या.
एका पाकिटात औषध, एकात नुसता स्टार्च.
कुणाला कुठलं, हे डॉक्टर ओगिल्वींना ठाऊक नाही,
मला नाही, गिळणाऱ्याला तर नाहीच.
फारच झालं तर निळ्या झाकणाच्या डबीतली गोळी घ्यायची
आणि वेळ लिहायची.

क्रमांक सत्तेचाळीस. नेटा गौर्ली, वय एकोणऐंशी.
कवळीखाली साठ वर्षं निजलेली अक्कलदाढ
आत्ता कुठं जागी झाली होती.
एकतीस वर्षं तागाच्या गिरणीत. कान तिथंच, मागापाशी राहिले.
ओठ वाचते. मी मास्क खाली ओढला
आणि संमतीपत्राची अकरा पानं सावकाश तिच्यापुढं बोलले.
माझे जाड ट आणि ड ओठांवर दिसत नाहीत.
या गावात सात वर्षांत पहिल्यांदाच
कुणी विचारलं नाही, मूळची कुठली गं तू?

दुपारी बाहेर आली तेव्हा खालचा ओठ बधिर.
बोटानं दाबून बघत होती,
शेजारणीचं भांडं चुकून घरी आल्यासारखा.
गिरणीच्या खडखडाटात सगळ्या बाया
याच ओठांनी एकमेकींशी भांडायच्या, म्हणाली.
म्हणजे, म्हणाली असावी. अर्धा शब्द लाळेबरोबर सांडला
आणि आम्ही दोघी हसलो, ती वाकडी.

डायरी पोस्टानं आली.
सहा तासांनी बारा मिलिमीटर.
रात्री नऊ. दुसऱ्या दिवशी पंधरा.
निळं झाकण उघडलेलंच नाही.
तिसऱ्या दिवशीची काडी रेघेवर नव्हती.
उजवं टोक ओलांडून, अंगठाभर पुढं, कोऱ्या कागदावर.
बाजूला बारीक अक्षरात:
हे दाढेचं नाही. डॉडचा कोट आज दुकानात देऊन आले.

नियमपुस्तक सांगतं, रेघेबाहेरची खूण शंभर धरावी.
कोटासाठी रकाना नाही.
प्रश्न होता, आत्ता किती दुखतंय?
कुठं, ते आम्ही विचारलंच नव्हतं.

फोन करून उपयोग नव्हता. बसनं लॉखीला गेले.
टाके बघितले, जखम कोरडी, सूज उतरलेली.
मग तो कागद पुढं केला.
तिनं रेघेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
किनार तपासावी तसा,
आणि म्हणाली, फार अरुंद आहे गं तुमचं कापड.
आमचं चाळीस इंच असायचं.

परतताना वरच्या मजल्यावर बसून
मी माझ्याकडचे शब्द काढून पाहिले:
ठणका, सणक, ठसठस, शिणक.
सगळे दाढेच्या मापाचे.

डिसेंबरात पाकिटांचे नंबर उघडले.
औषध खरंच चालतं. दोन गटांत चौदा मिलिमीटरांचा फरक,
आणि चौदा मिलिमीटर म्हणजे रात्रीची झोप, कमी समजू नका.
सत्तेचाळीसला स्टार्च होता.
बैठकीत कुणी म्हणालं, हा आकडा वगळू या का?
ओगिल्वींनी चष्मा पुसला. राहू दे, म्हणाले.

आलेखात तो आहे, चौकटीच्या अगदी वरच्या कडेला,
एकटा ठिपका.
छापलेली प्रत हातोहात फिरली तेव्हा
टेबलापलीकडच्या कुणीतरी
शाईचा डाग समजून तो नखानं खरवडून पाहिला.