खड्ड्याला पाणी

गोखलेनगरात, पुरानंतर बांधलेल्या घरांच्या ओळीत
आमचं शेवटून तिसरं.
दारावर मीटर, त्याखाली लाकडी फळी,
फळीवर चिनी मातीचे दोन फ्यूज,
खाली बापूंच्या पेन्सिलीत: दिवे. इस्त्री.

एप्रिलात एका मंगळवारी, चारच्या सुमारास
चतुःशृंगीच्या मागून काळं झालं.
आधी धूळ, मग गारा,
मग कोपऱ्यावरचा गुलमोहर तारांवर आडवा.

दिवे गेले नाहीत.
उजळले.
साठचा बल्ब शंभराचा झाला, मग बघवेना,
पंखा कधी नव्हे तो भिंगरीसारखा,
आणि मी वेडी, पदर सावरत म्हणते,
वा, आज व्होल्टेज काय छान आहे!
तेवढ्यात टीव्हीच्या पाठीतून वास आला.

दुसऱ्या दिवशी रुक्साना तांबोळी आली,
औंधच्या आयटीआयची, कानामागे टेस्टर,
चपला दाराबाहेर काढून रबरी बूट चढवणारी.
न्यूट्रल तुटला, म्हणाली, परतीची वाटच गेली,
मग करंट शेजारच्यांच्या घरातनं वाट काढतो.
शेजारी कदमांचा फ्रिज गेला होता,
पलीकडच्यांची गिरणी.

मग तिनं "इस्त्री"चा फ्यूज उपसला
आणि नुसतीच माझ्याकडे बघत राहिली.
हे कुणी घातलं?

मला ठाऊक होतं कुणी.
माझं दहावीचं वर्ष. रोज संध्याकाळी
इस्त्री लावली की फटकन अंधार.
एका रात्री बापूंनी तांब्याच्या तीन तारा
पिळून एक केल्या, स्क्रू आवळले,
आता उडून दाखव म्हणाले.
नाही उडाला. चाळीस वर्षं.
आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो.

हा फ्यूज नाही ताई, खिळा आहे, रुक्साना म्हणाली.
काल यानं काही बिघडलं नाही, ते खरं.
पण तार तापली असती तर हा तसाच बसला असता
आणि आधी भिंत पेटली असती.
फ्यूजचं कामच उडायचं.

तिनं पट्टी उचकटली तर आतल्या तारेचं रबर
शिळ्या शेवेसारखं हातात आलं.
मी गप्प.
वडिलांबद्दल परक्या बाईसमोर काय बोलायचं.

अर्थिंग कुठाय, तिनं विचारलं.
मला काय माहीत.
परसात आम्ही दोघी शोधत राहिलो,
कुंड्या सरकवल्या, मोडकी खुर्ची उचलली,
शेवग्याच्या बुंध्याशी फरशीखाली
गंजलेलं लोखंडी झाकण.
आत पाइप, कोळसा, कधीकाळचं मीठ,
माती कोरडी ठक्क.

आणि मग आठवलं:
उन्हाळ्यात दर रविवारी बापू
धोतर खोचून इथे बादली ओतायचे.
मी समजायची, शेवग्याला.
आई समजायची, शेवग्याला.
पाणीकपातीत तिनं एकदा भांडणसुद्धा काढलं होतं
या शेंगांवरून.
ते कधी बोलले नाहीत.

त्यांच्यामागे कुणी ओतलं नाही.
पाणी आणि तीन पदरी तांबं:
एकाच माणसाचे हात.
याचा हिशेब मला अजून लागत नाही.

पाच दिवस काम चाललं. नवा पाइप, नव्या तारा,
मीटरपाशी पांढरी पेटी.
बिल सतरा हजार चारशे.
वरचे चारशे मी सोडवून घेतले, सवयीनं,
आणि रात्रभर लाज वाटत राहिली.
जाताना तिनं पेटीतलं छोटं बटन दाखवलं.
महिन्यातून एकदा दाबायचं.
अंधार झाला तर समजायचं, घर नीट आहे.
नाही झाला तर मला फोन.

आज एक तारीख.
सकाळी आभाळ निरभ्र असतानाच
एक बादली खड्ड्यात, अर्धी शेवग्याला,
(त्याची इतक्या वर्षांची समजूत कशाला मोडा).
मग आत येऊन बटन दाबलं.

टक्.

पंखा हळूहळू थांबला.
फ्रिजची घरघर गेली, आणि कदमांकडचा रेडिओ
स्पष्ट ऐकू यायला लागला.
मी लगेच चालू केलं नाही.